पाकिटावरची काकू

त्या पाकिटावरची बाई मी नव्हते. कुणाला तसं वाटत असेल तर त्यानं ते आत्ताच डोक्यातून काढून टाकावं.

पाकीट तरी कसलं, प्लास्टिकची पिशवी. तोंड मेणबत्तीच्या धगीवर धरून चिकटवलेलं. आत येसर, आणि पुढून दिसेल असा सरकवलेला एक कागद. कागदावर नऊवारी नेसलेली, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पळी घेऊन हसणारी एक बाई. तिच्याखाली तांबड्या शाईत ‘काकूंचं घरगुती येसर’. परभणीच्या एका छापखान्यात तो ठोकळा तयारच पडला होता. आधी तो कुठल्याशा अगरबत्तीच्या पुड्यावर वापरलेला, म्हणून काकूंची हनुवटी जरा झिजली होती. पिशवीतलं येसर मात्र माझं. भाजणारी मी, कांडणारी मी, मेणबत्तीवर बोटं पोळून घेणारीही मीच.

येसर ज्यांना ठाऊक नाही त्यांची कीव करून सांगते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने एकेक वेगळं भाजायचं, मसाला घालून भरड करायची. ते पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी. आमच्याकडं लग्नात ही आमटी नसली तर वऱ्हाडी जेवून उठतात आणि वेशीपर्यंत नावं ठेवत जातात. प्रत्येक घरचं येसर वेगळं. आमच्या घरचं माझ्या सासूचं होतं, आणि तिनं ते मला शिकवलं ते मायेनं नव्हे, शिव्या घालून.

नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. आम्ही परभणीच्या कडेच्या वस्तीत राहायचो. वस्तीत शिरताच निळा झेंडा दिसायचा, त्यामुळं पत्ता विचारणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नसे. मी मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, एका किराणा दुकानातून धने घ्यायची. एवढे धने कशाला, म्हणून शेटजीनं विचारलं. मी सांगितलं. आणून दाखव म्हणाला. नेलं. त्यानं चिमूट हातावर घेतली, हुंगली, जिभेवर टाकली, डोळे मिटले.

“माल असली हाय,” तो म्हणाला. “माझ्या दुकानात ठेवू. पर तुझं नाव नगं. तुझं आडनाव छापलं तर फळीवरच किडं पडतील त्याला. माझं काय न्हाई बाई, मी मानत न्हाई. गिऱ्हाईक मानतं.”

मी मानत नाही, गिऱ्हाईक मानतं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या तोंडून ऐकलं की ते मानणारं गिऱ्हाईक राहतं तरी कुठल्या गावात, ते बघायला जावंसं वाटतं. जो भेटतो तो न मानणारा.

आता माझ्या तेव्हाच्या अवताराविषयी. तिला मी ‘ती’ म्हणते. लाज वाटते म्हणून नाही; ‘ती’ म्हटलं की शिव्या घालायला सोपं जातं म्हणून. शेटजीचं हे बोलणं ऐकून तिचं डोकं तडकायला हवं होतं. तिनं काय विचारावं? “शेटजी, चित्रातल्या बाईला नथ मोत्याची दाखवाल ना?”

अशी ती शहाणी.

पुढं तिला त्या चित्राचं वेडच लागलं. माल पोचवायला दुकानात जायचं तर ती केसांचा खोपा घाली. आमच्या घरातून देवदेवस्की कधीच गेली होती, सासू कपाळाला काही लावत नसे. ही मात्र वस्ती ओलांडली की पदराच्या टोकाला बांधलेली डबी काढून टिळा लावायची आणि परत येताना पुसायची. पुसताना अर्धं कुंकू भुवईत राहायचं. आरशापुढं उभी राहून ‘आमी’चं ‘आम्ही’ करायची, ‘न्हाई’चं ‘नाही’. एकदा शेजारणीनं मीठ मागितलं तर हिनं “थांबा हं, आणते,” असं म्हटलं. शेजारीण मागं वळून बघायला लागली, की ही कुणाशी बोलती.

वस्तीतल्या बायका काही आंधळ्या नव्हत्या. नळावर घागर लावली की सुरू.

“सरका गं, काकू आल्या.”

“काकू, तुमच्यात सोवळ्यानं पाणी भरत्यात का वं?”

“काकू, भुवईला काय लागलंय तुमच्या? रगत न्हवं ना?”

दिवस नामांतराचे. विद्यापीठाला नाव द्यायचं म्हणून आमची माणसं रस्त्यावर होती, आणि देऊ देणार नाही म्हणून दुसरी माणसं आमच्या घरांवर. खेड्यांतून जळून आलेली कुटुंबं वस्तीत भाड्यानं राहात होती. नवरा शाळा सुटली की बैठकीला जाई, मोर्चा असला की रजा टाकून मोर्चाला. बायकाही जायच्या. ही नाही. हिला भीती, की मोर्चा मोंढ्यावरून गेला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकानं पाहिलं तर काकूंचं काय होईल? पोट दुखतं म्हणून घरी राहायची आणि पिशव्या चिकटवायची.

सासू एकदा मोर्चावरून आली. पाय धुळीनं भरलेले, आवाज बसलेला. ओट्यावर टेकली आणि पिशव्यांच्या ढिगाकडं बघून म्हणाली, “लोकं विद्यापीठाच्या नावासाठी टाळकी फोडून घ्यायलेत. आन् हिला सवताचंच नाव जड झालंय.”

“आत्याबाई, धंदा आहे तो,” ही म्हणाली. त्या ‘आहे’वर जोर देऊन.

“हाय हाय,” सासू म्हणाली. “धंदाच हाय. पर कुनाचा?”

त्यावर हिचं उत्तर तयार होतं, तोंडानं दिलं नाही तरी मनात पक्कं होतं: चव बोलते. नाव काही का असेना, हात ओळखू येतो. एक दिवस कुणीतरी आमटी भुरकेल, थांबेल, आणि विचारेल की ही केली कुणी. त्या दिवसाच्या आशेवर तिनं ती झिजलेल्या हनुवटीची बाई स्वतःच्या डोक्यावर मिरवली. इतका विश्वास आमटीवर कुणी ठेवू नये.

एका लगनसराईत शेटजीनं बोलावलं. बोरीचं एक मोठं जमीनदार घर त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, सगळा किराणा ह्याच्याकडून जाणार होता. आणि त्या घरच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला होता, की घाणा भरायला पाकिटावरच्या काकूंनाच पाठवा.

घाणा म्हणजे लग्नकामाचा मुहूर्त. उखळ मांडायचं, दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना आंब्याची पानं, हळदीचं सूत गुंडाळायचं आणि सवाष्णींनी मिळून पहिला घाव घालायचा. त्यात पहिला हात मानाच्या बाईचा. त्या घरात गेली काही वर्षं येसर आमचंच जात होतं. चवीनं खूश होऊन त्यांनी तो मान काकूंना दिला होता. म्हणजे मला. म्हणजे कुणालाच नाही.

हिचे तर पायच जमिनीवर राहिले नाहीत. “कधी निघायचं, शेटजी?”

शेटजीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं उंदीर पडलेल्या तेलाच्या डब्याकडं बघतात. “तू? तू कशी जाशील? माझी भावजय जाईल काकू म्हणून. तू तिच्यासंगं जा. सामान धर, काय लागलं-सवरलं तर बघ. हे नीट पार पडलं तर पुढच्या छपाईला तुझं बी कायतरी टाकू खाली. बारीक अक्षरात. नुसतं नाव, आडनाव नगं.”

आणि ती गेली. स्वतःचीच पिशवी धरायला, स्वतःचीच मोलकरीण होऊन.

एसटीत भावजय पुढच्या बाकावर, मी मागं. एरवी ती गोल साडी नेसायची. आज ठेवणीतली नऊवारी, नाकात उसनी नथ, आणि ती नथ सारखी ओठाला लागत होती म्हणून तोंड वेडंवाकडं करत होती. तिला येसरातलं ओ का ठो कळत नव्हतं. वाटेत मागं वळून विचारायला लागली: आधी काय भाजायचं? धने किती परतायचे? बाजरी तडतडली म्हणजे झाली का? आणि मी मूर्ख पुढं वाकून तिच्या कानात सगळं सांगत बसले, हात कसा हलवायचा तेसुद्धा. बोरीपर्यंत तिला येसर आलं. माझ्याच तोंडानं मी तिला काकू केली.

घरापुढं मांडव घालायचं काम चाललं होतं. मालकीणबाई सामोऱ्या आल्या, भारदस्त, दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. भावजयीला बघून म्हणाल्या, “अगं माय! पाकिटावर हाय तशाच दिसताव की वं तुमी, काकू!”

नथ घातली की सगळ्याच पाकिटावरच्या दिसतात.

“आन् ही कोन?”

“ही आमच्याकडं कांडायला येते,” भावजय म्हणाली.

“कोनाची गं तू?” त्यांनी मला विचारलं.

“आम्ही परभणीचे,” ही म्हणाली, हकार अगदी स्वच्छ काढून.

“परभनीची ते कळलं. कोनाची?”

भावजय मालकीणबाईंच्या कानाशी लागली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती. मालकीणबाईंनी उखळाशेजारी अंथरलेलं पोतं पायानं बाजूला सरकवलं आणि गोठ्याकडं हात केला. “तिकडं बस बाई सावलीला.”

मी घरून भाजून आणलेलं धान्यही तसंच परत माझ्याकडं आलं. मुहूर्ताचं येसर घरच्याच धान्याचं लागतं, मालकीणबाई म्हणाल्या, आणि काकूंनी चुलीपाशी बसून स्वतःच्या हातानं करावं.

मग चहा आला. बायकांना पितळी ताटात कपबश्या. मला घरातल्या म्हाताऱ्या गडीमाणसानं गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा दाखवला. त्यात एक कप पालथा होता, कान तुटलेला, काठावर टवका गेलेला. मी तो घेतला, त्यानं वरून चहा ओतला. माझ्याआधी त्या कपाला ज्यांचे ज्यांचे ओठ लागले असतील, ते सगळे आमचेच. दुसऱ्या कुणाचा तो नव्हताच. बघा, कुणी रागानं फेकला असता, कुणी न पिता ठेवून दिला असता. हिनं चहा प्याला, कप विसळला आणि कोनाड्यात होता तसाच पालथा ठेवला. नीटनेटका. काकूसारखा.

तेव्हाही डोक्यात तेच: थांब, जेवणं होऊ दे. हात ओळखू येतो.

घाणा भरला. बायका गाणी म्हणाल्या, भावजयीनं मुसळाला पहिला हात लावला. मग आतून भाजल्याचे वास यायला लागले, आणि मी गोठ्यात बसून नाकानं तिचा स्वयंपाक तपासत होते. बाजरी झाली. आता डाळ. आता काढ, काढ गं, करपेल. तिनं काढली. बरोबर वेळेला काढली!

दुपारी पंगत बसली. मला गोठ्याशी पत्रावळ. भाकरी वरून टाकली, आमटी वरून ओतली, निम्मी हातभर लांब उडाली. मी बोट बुडवून चाटलं. वाईट असती तर मला किती बरं वाटलं असतं. वाईट नव्हती.

आणि तिकडं पंगतीत एकच गजर.

“काय हात हाय काकूंचा!”

“तीच चव बगा. पाकिटातल्यावानी!”

“म्या डोळं मिटून सांगितलं असतं, काकूंच्याच हातची म्हनून.”

डोळे मिटून! माझी इतक्या वर्षांची पुंजी त्या एका वाक्यात गेली. चव काही बोलत नाही. चव मुकी असते. तिच्या तोंडात जे घालाल ते ती बोलते, आणि ह्या बायकांच्या तोंडात कागदावरची बाई होती. माझं बरं-वाईट, कच्चं-पक्कं कुणाला कळणार नव्हतं. कळण्यासारखं एकच काही माझ्याकडं होतं, आणि ते मीच पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतं.

मी उठले. भाकरीचा घास हातात तसाच. म्हणाले, “त्या पिशवीतलं येसर मी करते. इतकी वरसं तुमी खाताव ते माझ्या हातचं हाय.”

आरशापुढं शिकलेला एकही हकार मदतीला आला नाही.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. भावजय घाईघाईनं म्हणाली, “उन्हानं डोकं फिरलंय तिचं.”

“फिरलं न्हाई,” मी म्हणाले. “ह्यांना इचारा धने किती परतायचे. मी एसटीत सांगितलं ह्यांना. अन् मालकीणबाई, तुमी इचारलं व्हतं ना कोनाची? परभनीची निळ्या झेंड्याची वस्ती आमची. त्या वस्तीतल्या माझ्या चुलीवर भाजलं जातं तुमचं येसर.”

हशा थांबला. मालकीणबाई भावजयीकडं बघत होत्या. भावजय पत्रावळीकडं. कधी कधी माणूस खोटं बोलायलाही उशीर करतो.

मग जे सुटलं! मालकीणबाईंचा राग माझ्यावर कमी, स्वतःवर जास्त होता, पण आपटायला मीच समोर होते. “देवाला निवद दावला म्या त्याचा! नवरात्रात! माय माय माय... कुळाच्या देवाला भरवलं गं तुझ्या हातचं!” एक म्हातारी थुंकायला परसात गेली. कुणी फडताळातल्या पिशव्या आणून अंगणात आपटल्या. आताच केलेली आमटीही ओतली, म्हणजे ज्या आमटीला माझा हात लागलाच नव्हता ती. कुणी आठवण करून दिली नाही, मी तर मुळीच नाही. पिशव्यांतलं येसर म्हशींच्या गव्हाणीत रिकामं केलं. म्हशींनी ते चवीनं खाल्लं. त्या म्हशींचं दूध संध्याकाळी त्यांनी चहात घातलं असणार. विटाळ म्हशीपाशी येऊन थांबतो, हे त्यांचं शास्त्र मला तेव्हा कळलं.

मांडव घालणारी पोरं बाहेरून ऐकत होती. मी निघाले तसं एकजण ओरडला, “विद्यापीठ घ्यायलेत, आता आमटीत बी आल्या का गं?” दुसऱ्यानं ढेकूळ मारलं. पाठीत बसलं. धावले नाही. धैर्य म्हणून नाही; पायात चप्पल तुटकी होती.

स्टँडवर भावजय माझ्याआधी पोचली होती. नथ काढून रुमालात बांधलेली. “तुझ्यापायी माझी बेइज्जती झाली,” म्हणाली आणि तोंड फिरवलं. गाडी आली. ह्या खेपेला आम्हाला जागा एकाच बाकावर मिळाली. परभणी जवळ आली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, “ए... माझी आमटी बरी झाली होती का गं?”

“कच्ची होती,” मी म्हणाले.

धडधडीत खोटं. आजही आठवलं की जेवण गोड लागतं.

दुसऱ्या दिवशी शेटजीनं दुकानाच्या पायरीवरच गाठलं. आत येऊ दिलं नाही. न मानणारा माणूस तो. “तुला कोनी इचारलं व्हतं का बोलायला?”

“मालकीणबाईंनी. कोनाची म्हणून.”

तो ओरडला, मग थंड झाला. धंदेवाला होता. म्हणाला, चल माझ्यासंगं बोरीला. त्यांच्या अंगणात उभं राहून म्हण, की मी जळून खोटं बोलले, येसर काकूच करतात. पाया पड. मग माल तुझा, दुकान माझं, पाकीट हाय तसं. न्हाईतर उद्यापासून चक्कीवाल्याकडून दळून घेतो, काकू काय, हसत राहतील पाकिटावर.

खरं सांगते, त्या शहाणीनं विचार केला. घरात त्या पैशाची सवय झाली होती. तत्त्वबित्त्व काही तिला आठवलं नाही. त्या गोठ्याच्या कोनाड्यातला कप तेवढा आठवला, आणि तिथं पुन्हा चहा प्यायला जायचं नाही एवढंच तिला पक्कं कळलं. “ठेवा तुमची काकू,” म्हणून ती घरी आली.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. शाबासकी देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “धन्यांचं पोतं उघडं टाकलंस. उंदीर लागतील.”

नवऱ्याचं अक्षर वळणदार. त्यानं शाळेतल्या शाईनं कागदाचे तुकडे लिहून दिले: माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि खाली येसर. चित्र नाही. त्यानं विचारलं, एखादं फूलबिल काढू का? नको म्हटलं. पिशव्यांत ते सरकवले आणि परभणीत फिरले. शेटजीनं मोंढाभर आधीच पेरून ठेवलं होतं. एकाही दुकानानं पिशवी फळीवर ठेवली नाही. म्हणून मी माहेरी, सोनपेठच्या आठवडी बाजारात जाऊन बसायला लागले.

तिथं काय गर्दी उसळली म्हणता! बाया यायच्या, पिशवी उचलायच्या, कागद वाचायच्या किंवा कुणाकडून वाचून घ्यायच्या, आणि निखाऱ्याला हात लागल्यासारखी ठेवून द्यायच्या. आमच्या लोकांतल्या बाया हौसेनं नाव वाचायच्या, “आपलं हाय गं हे!” म्हणायच्या, आणि पुढं: “पर इकत कशाला घ्यावं बाई? आमी घरीच करताव की.” म्हणजे ज्यांना माझं नाव चालत होतं त्यांना येसर नको होतं आणि ज्यांना येसर हवं होतं त्यांना नाव चालत नव्हतं. आपलं खरं नाव लावून धंदा करावा असं कुणी सांगायला आलं, की मी त्याला आधी विचारते, घरी किती दिवसांचं खायला आहे?

आम्ही बाजारातून परत आलेलं येसर खात होतो. सकाळी येसराची आमटी, संध्याकाळी येसराची आमटी. नवरा म्हणाला, आता स्वप्नातही वरण दिसायला लागलंय.

एका बाजारी एक बाई आली. जरीकाठाचं लुगडं, पदर अर्ध्या तोंडावर ओढलेला. इकडं तिकडं बघून बसली. “तुझ्या हातचं चांगलं असतं म्हनं. आदी परभनीहून यायचं ते तूच करायचीस ना?”

“मीच.”

“अर्धा किलो दे. पर ह्या पिशवीत नगं. साध्या कागदात बांध.”

पहिलं खरं गिऱ्हाईक. तेही उंच घरचं. जुनी ती असती तर तिनं कागद फाडून, वर “थांबा हं, बांधते,” म्हटलं असतं.

“नाव नगं आसंल तर येसर बी नगं,” मी म्हणाले.

“लय माजलीस गं.”

“व्हय.”

ती उठून गेली. शेजारची मिरचीवाली मला म्हणाली, “उपाशी मरशील अशानं.” तेही खरंच होतं.

पुढच्या बाजारी तीच बाई पितळी डबा घेऊन हजर. झाकणाचा, कडीचा, घासून लखलखीत. डबा माझ्यापुढं आदळला. “ह्यात घाल. आता डब्यावर लिवतीस का नाव?”

हुशार बाई. मला आवडली. मी निम्मा डबा भरला, ती भाव करायला मिरचीवालीकडं वळली तेवढ्यात एक कागद घडी न घालता सपाट आत ठेवला, वर उरलेलं येसर दाबून भरलं आणि झाकण लावलं.

मग कितीतरी बाजार ती आलीच नाही. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, “येईल की. चप्पल घिऊन येईल.” मी टोपली भरून नेई, टोपली भरून आणी. ती दिसली की उठून पळायचं कसं ह्याचाही विचार करून ठेवला होता.

ती आली एकदाची. हातात डबा. पुढ्यात बसली, पदर तोंडावरून मागं सरकला तरी सावरला नाही.

“चिठ्ठी आमच्या सासूला सापडली. समद्यांपुढं मला वाचाया लावली.”

“मग?”

“मग काय. निम्मा डबा समद्यांच्या पोटात गेला व्हता तवर.”

“फेकलं का उरलेलं?”

तिनं डब्याचं झाकण काढलं. आत तळ दिसत होता. “भर,” म्हणाली. “अन् आगाव बाई, चिठ्ठी टाकायचीच आसंल तर ह्या टायमाला तळाला टाक.”

मी डबा काठोकाठ भरला. चिठ्ठी अगदी वर ठेवली, अक्षरं तिच्याकडं करून.

तिनं ती पाहिली. मला एक अस्सल शिवी दिली, झाकण दाबून बसवलं आणि डबा काखेत मारून निघाली.